विश्लेषण : खाल्ल्या मिठाला कोणी जागायचे? कृतज्ञतेच्या मराठी वाक्प्रचारांकडे ख्रिस्ती परंपरा कशी पाहते?

वडखळहून अलिबागकडे जाणारी गाडी धरमतरच्या पुलावर आली की दोन्ही बाजूंना खाडी पसरलेली दिसते. काठावर आज डोलवीचा पोलाद कारखाना, जेट्टी आणि माल वाहणारे बार्ज आहेत. या खारेपाटाची जुनी ओळख मात्र भात आणि मीठ हीच. मीठ पिकवायची जागा म्हणजे आगर. ‘मिठागर’ हा शब्द त्यातून आला आणि आगरी समाजाचे नावही याच आगराशी जोडले जाते. त्यामुळे ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ हे वाक्य पेणकराला शाळेच्या पुस्तकातले वाटत नाही.

उपकार फेडणे, उतराई होणे, पांग फेडणे, जाण ठेवणे, मिठाला जागणे... कृतज्ञतेसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. पण नीट ऐकले तर यातले बरेच शब्द वहीखात्यातले आहेत. कोणी काही दिले, ते नावे पडले, आता फेड करा. मराठी ख्रिस्ती समाजाने मात्र बायबल वाचता वाचता आणि प्रार्थना करता करता कृतज्ञतेसाठी एक वेगळा शब्द रुळवला. तो शब्द वहीखात्यात बसत नाही. तो कोणता, हे पाहण्याआधी मिठाचा हिशेब करू.

मिठाचा वाक्प्रचार बायबलमध्येही आहे?

आहे, आणि जवळपास मराठीसारखाच आहे. जुन्या करारातल्या एज्राच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, इराणच्या राजाला लिहिलेले एक पत्र आहे. लिहिणारे राजाचे अधिकारी. मूळ अरामी भाषेत ते म्हणतात की आमच्या अंगात राजवाड्याचे मीठ आहे, म्हणून राजाचे नुकसान आम्हाला उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. १६११च्या प्रसिद्ध किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात मीठ गळून गेले आणि त्याजागी ‘राजाकडून मिळणारा निर्वाह’ अशा अर्थाचे शब्द आले. इंग्रज वाचकाला जे समजावून सांगावे लागले असते, ते आगरात राबलेल्या माणसाला एका शब्दात कळते.

पण हे पत्र कशासाठी होते, ते महत्त्वाचे. बंदिवासातून परतलेले यहुदी जेरुसलेम पुन्हा उभारत होते आणि ही माणसे त्यांची चुगली करत होती. हे शहर उभे राहिले तर कर बुडेल, असे त्यांनी राजाला कळवले. काम थांबले. बायबलमधला ‘मिठाला जागणे’ हा प्रयोग असा चुगलखोरांच्या तोंडी आहे. निष्ठा खरी असेल, पण तिने कोणाचे तरी घर बांधायचे थांबवले.

मिठाची दुसरी बाजूही जुन्या करारात आहे. लेवीयाच्या पुस्तकात अन्नाच्या प्रत्येक अर्पणात मीठ घालायला सांगितले आहे आणि कधीही न मोडणाऱ्या वचनाला ‘मिठाचा करार’ म्हटले आहे. मीठ नासत नाही आणि दुसऱ्याला नासू देत नाही, म्हणून ते वचनाची खूण. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले आणि मिठाचा खारटपणाच गेला तर काय, असा प्रश्न केला. मीठ अळणी कसे होईल, असे आज वाटते. पण तेव्हाचे मीठ पुड्यातले नव्हते. त्यात माती आणि इतर क्षार मिसळलेले असत. ओल लागली की मीठ विरघळून जाई आणि चव नसलेला गाळ उरे, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. पावसाच्या तडाख्यात सापडलेली मिठाची रास ज्याने पाहिली आहे, त्याला हे पटायला वेळ लागणार नाही.

(जाता जाता : ‘सॅलरी’ हा शब्द मिठाच्या लॅटिन नावावरून आला हे खरे, पण रोमन सैनिकांना पगार मिठात मिळत असे या लोकप्रिय गोष्टीला भक्कम पुरावा नाही. मोबाइलवर ती रोज फिरत असते, म्हणून सांगितले.)

मीठ नेमके कोणाचे?

खाल्ल्या मिठाला जागायचे तर आधी ते मीठ कोणाचे, हे ठरायला हवे. भरतीचे पाणी समुद्राचे, ते आटवणारे ऊन सूर्याचे, उन्हात पाय भाजत मीठ ओढणारा हात मजुराचा. तरीही ब्रिटिश राजवटीत त्यावर कर सरकारचा होता आणि ज्यांनी मीठ पिकवले त्यांनाही ते कर भरूनच खावे लागे. गांधीजींनी १९३०मध्ये दांडीला उचललेली चिमूट हे या प्रश्नाचे उत्तर होते.

धरमतर खाडीच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी हाच प्रश्न भाताबद्दल विचारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे तिथल्या कुळांनी संप केला आणि खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. कूळ खोताचे खात होते की खोत कुळाचे, याचा हिशेब त्या पडीक शेतांनी मांडला. आज याच पेण-रोह्याच्या पट्ट्यातली कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात ती अनेकदा आगाऊ उचल घेऊन. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली, पण ‘अडीनडीला आम्हीच उभे राहिलो ना’ हे वाक्य कायद्याने बंद होत नाही. उचल फिटेपर्यंत उपकारही फिटत नाही.

इथे नव्या करारातला एक प्रसंग सहसा प्रवचनात येत नाही, पण यायला हवा. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांत मोठा कोण यावरून वाद होतो. तेव्हा येशू त्यांना सांगतो की परराष्ट्रांचे राजे लोकांवर सत्ता गाजवतात आणि वर स्वतःला उपकारकर्ते म्हणवून घेतात. तुम्ही तसे होऊ नका. त्या काळी ‘उपकारकर्ता’ ही ग्रीक जगातली खरीखुरी पदवी होती. राजे ती नाण्यांवर कोरून घेत. आजच्या चौकातले फलक पाहिले तर ही पदवी रद्द झाली, असे म्हणवत नाही. रस्ता जनतेच्या पैशाने होतो आणि आभार फलकावरच्या चेहऱ्याचे मानायचे असतात.

‘आभार’ आणि ‘उपकारस्तुती’ यांत फरक काय?

‘आभार’ या शब्दातला भार लपत नाही. म्हणूनच मराठी घरात आईला कोणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही. म्हटले तर ‘एवढी परकी झाले का रे मी?’ असे ऐकावे लागेल. आभार मानले की हिशेब पूर्ण होतो आणि आपल्या माणसांशी हिशेब पूर्ण करायचा नसतो. ‘उतराई’चेही तसेच आहे. हिंदीत उतराई म्हणजे नावाड्याला पैलतीरावर द्यायचे भाडे. मराठीत उतराई होणे म्हणजे उपकारातून मोकळे होणे. भाडे चुकते केले, होडीतून उतरलो, आता तू तुझ्या वाटेने आणि मी माझ्या.

धरमतर या नावातला ‘तर’ म्हणजे पाणी ओलांडायची होडी. पूल नव्हता तेव्हा खाडी ओलांडायला नावाडी लागे. पैलतीराला नेणे याच अर्थाच्या संस्कृत धातूवरून ‘तारणे’ आणि ‘तारणारा’ हे शब्द आले आणि मराठी ख्रिस्ती माणूस येशूला ‘तारणारा’ म्हणतो. त्याच्या प्रार्थनेत ‘तारण’ म्हणजे मुक्ती. पण पेणच्या बाजारपेठेत पतसंस्थेच्या पाटीवर हाच शब्द ‘सोने तारण कर्ज’ असा येतो. एका ठिकाणी तारण ठेवल्याशिवाय काही मिळत नाही, दुसऱ्या ठिकाणी काहीही न ठेवता तारण मिळते. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ज्याला ‘कृपा’ म्हणतात ती समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

आता तो वेगळा शब्द. मराठी बायबलमध्ये आणि चर्चमधल्या प्रार्थनांत देवाबद्दलच्या कृतज्ञतेसाठी रुळलेला शब्द आहे ‘उपकारस्तुती’. बाहेरच्या मराठीत तो फारसा ऐकू येत नाही. त्याची घडण पाहा. ‘उपकार’ हा शब्द तोच आहे, पण त्याच्यापुढे ‘फेड’ लागलेली नाही, ‘स्तुती’ लागली आहे. देवाचे देणे फिटणार नाही हे आधीच मान्य आहे, तर मग करायचे काय? ते मोठ्याने सांगायचे. चार लोकांत उभे राहून, आपल्याला काय मिळाले ते सांगायचे. प्रार्थनासभांमध्ये ‘साक्ष देणे’ म्हणतात ते हेच. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात, पापाच्या जागी मराठी भाषांतर ‘ऋण’ हाच शब्द वापरते, कारण मूळ ग्रीक शब्दही कर्जाचाच आहे. फक्त तिथली मागणी कर्ज फेडायला बळ दे अशी नाही, सोडून दे अशी आहे.

हे शब्द निवडणे सोपे नव्हते. फादर स्टीफन्स यांनी १६१६मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले तेव्हापासून हा खटाटोप चालू आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या मुली सांभाळता सांभाळता हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खे बायबल मराठीत आणले. साध्या बाईला कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आणि धरमतरपासून फार लांब नसलेल्या गागोद्यात, पेण तालुक्यात, १८९५मध्ये जन्मलेल्या विनोबांनी नव्या करारातले वेचे निवडून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ तयार केले. त्याच वर्षी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत.

उपकारस्तुतीचा एक गैरवापर मात्र सांगायला हवा. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल प्रत्येक परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. ‘परिस्थितीत’ आणि ‘परिस्थितीबद्दल’ यांत फार अंतर आहे. मूळ ग्रीक शब्दप्रयोग पहिल्या अर्थाचा आहे. १९८९च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. घरातली माणसे वाहून गेलेल्या कुटुंबाला ‘यातही देवाचे आभार माना’ असे सांगणारा माणूस धार्मिक नसतो, आगाऊ असतो. त्या चिखलातही ज्याने भाकरी आणून दिली त्याच्याबद्दल देवापुढे बोलता येते. पुराबद्दल आभार मानायला पौल सांगत नाही.

आठवण ‘येते’, ‘काढली’ जाते, की ‘ठेवली’ जाते?

आठवणीबाबत मराठी भाषा चोखंदळ आहे. आठवण येते ती आपोआप. आठवण काढतो ती चारचौघांत, बोलून. मग तिकडे माणसाला उचकी लागते, आणि तो दारात उभा राहिला की ‘शंभर वर्षे आयुष्य आहे तुला’ म्हणून स्वागत होते. आणि ‘आठवण ठेवा हं’ ही तर अर्जाची भाषा आहे. साहेबाच्या केबिनमधून बाहेर पडताना माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला भावना नको असतात, काम हवे असते.

बायबलमधली आठवण बहुतेक या तिसऱ्या जातीची आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात तुरुंगातला योसेफ राजाच्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ सांगतो आणि सुटलास की राजाकडे माझा विषय काढ, एवढेच मागतो. तो सुटतो आणि विसरतो. दोन वर्षे. ‘गरज सरो, वैद्य मरो’ याचे इतके चोख उदाहरण दुसरे नसेल. पुढे राजालाच स्वप्न पडते, कामाचा माणूस हवा होतो, तेव्हा आठवण ‘येते’. जुन्या करारात देवाला नोहाची किंवा हन्नाची आठवण झाली असे येते, तेव्हा लगेच पुढच्या ओळींत काही तरी घडते : पाणी ओसरू लागते, मूल होते. हिब्रूत आठवणे म्हणजे नुसते मनात येणे नाही, हलणे आहे. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो, आई एक वेळ लेकराला विसरेल, पण मी तुला तळहातावर कोरून ठेवले आहे. आपल्याकडे लेकराला तळहातावरच्या फोडासारखे जपतात. हात कामाला लागला की ते ठिकाण दुखणारच. विसरायची सोय नाही.

क्रूसावर येशूच्या शेजारी टांगलेला गुन्हेगारही शेवटी एवढेच मागतो की तुझे राज्य आले की माझी आठवण ठेव. फेड म्हणून द्यायला त्याच्याकडे काहीच नाही आणि वेळही नाही.

भाकरी मोडून ‘माझ्या स्मरणासाठी’ हे करीत जा, असे येशूने सांगितले, त्याभोवती ख्रिस्ती उपासना उभी आहे. तिच्या ग्रीक नावाचा, ‘युखारिस्त’चा, अर्थच आभार. म्हणजे आठवण आणि कृतज्ञता या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. एकच भाकरी दोन्ही कामे करते. कोकणी माणसाला हे ताटातले व्याकरण परके नाही. नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधून नवान्न करणारे घर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराला नवे भात चर्चमध्ये नेणारे ईस्ट इंडियन घर, दोघेही आधी देतात आणि मग खातात. पेणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल समाजाचा मलिदाही असाच : गोड पोहे, खोबरे, फळे, एलिया संदेष्ट्याचे स्मरण, आणि नवस फळला म्हणून आभार.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव इथे घ्यावेच लागेल. १९३४पासून भागाभागाने आलेल्या या आत्मकथनात तक्रार करायला जागा भरपूर होती. नवरा न सांगता ख्रिस्ती झाला, संसार मोडला, काही वर्षे दोघे दूर राहिले; त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९००मध्ये. पण त्या आठवण काढतात ती हिशेब मागायला नाही. ज्याने पाणी दिले, ज्याने घरात घेतले, त्यांची माणसे म्हणून चित्रे काढतात आणि नवऱ्याच्या लहरींवर हसतात. टिळकांनी अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. त्याला पांग फेडणे म्हणावे की आठवण ठेवणे, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

मग फेडायचेच नाही का?

कृपेची भाषा फुकटखाऊंच्या सोयीची आहे, हा आक्षेप जुना आहे आणि वाजवीही. येशूच्या काळी काही जण आईबापांना द्यायचे ते ‘देवाला वाहिले’ म्हणून जाहीर करत आणि हात झटकत. मार्काच्या शुभवर्तमानात येशूने त्यावर सडकून टीका केली आहे. आईबापांचे पांग देवाच्या नावावर बुडवता येत नाहीत.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली गोष्ट तर आकड्यांचीच आहे. एका नोकरावर राजाचे दहा हजार टॅलेंट कर्ज. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. राजा ते सोडून देतो. हाच नोकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाचा संताप होतो तो कर्ज न फेडल्याबद्दल नाही, जे स्वतःला मिळाले ते पुढे न दिल्याबद्दल.

म्हणून देणाऱ्याने कसे द्यावे, यावर शुभवर्तमानात जास्त शाई खर्च झाली आहे. या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये, हे आपण मराठीत सहज म्हणतो. डोंगरावरच्या प्रवचनातही नेमके हेच आहे. जेवायला बोलवायचे तर परत बोलावू न शकणाऱ्यांना बोलवा, असे लूक सांगतो. आता हे दर वेळी जमते असे नाही. खुद्द पौलालाही जमलेले नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात तो पळालेल्या गुलामाची रदबदली करतो, त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड म्हणतो आणि लगेच जोडतो की तू स्वतःच माझा देणेकरी आहेस, हे मी काढत नाही. म्हणजे काढलेच! कारण चांगले होते, हे खरे. पण वाचताना हसू येते, कारण हे वाक्य प्रत्येक घरातल्या एका तरी काकांचे आहे.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. परत येऊन पाया पडतो तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या पंक्तीला न चालणारा. बाकीचे नऊ कुठे, असे येशू विचारतो. विचारतो एवढेच. त्या नऊ जणांचा आजार पुन्हा उलटला, असे लूकने कुठेही लिहिलेले नाही.